दाभणाची पोकळ मूठ

नाटकात पोटात सुरी खुपसतात, रक्ताची चिळकांडी उडते आणि पडदा पडल्यावर मेलेला माणूस आत चहा पीत बसतो. असली प्रॉपर्टी कशी तयार करावी, हे इंग्रजीत अगदी सुरुवातीला सविस्तर छापलं ते रेजिनाल्ड स्कॉट यानं, १५८४ साली. हा केंटमधला जमीनदार, नाटकवाला मुळीच नव्हे. त्याच्या पुस्तकाचा विषय होता चेटूक! गरीब म्हाताऱ्या बायकांना चेटकिणी ठरवून फासावर देण्याचे ते दिवस. सैतानाची करणी म्हणता, तसली करामत जत्रेतला जादूगारही करतो, असं स्कॉट सांगत होता. नुसतं सांगून कोण ऐकणार? म्हणून त्यानं कृतीच दिल्या, चित्रांसकट.

पोकळ मुठीचं दाभण, टोक वर धरलं की पातं मुठीत सरकतं. मधे खाच असलेली सुरी, ती हातातून आरपार गेलेली दिसते. (आमच्या आठवडी बाजारातला मदारी जमुऱ्याच्या मानेवर अशीच सुरी लावायचा. आम्ही पोरं डोळे मिटून घ्यायचो.) पोटासाठी रंगवलेलं खोटं पोट, त्यामागे रक्ताची पिशवी आणि आत दुहेरी पत्र्याचं कवच. रक्त वासराचं किंवा मेंढीचं घ्यावं, गाईबैलाचं दाट होतं, असंही तो बजावतो.

धडावेगळं शिर दाखवायचं तर टेबलाला दोन भोकं आणि दोन मुलं लागत. एकाचं फक्त डोकं दिसे, दुसऱ्याचं फक्त धड. मुलाला आधी शिकवून तयार करायचं. समोर शेगडीत थोडं गंधक टाकायचं, त्यानं दोन-तीनदा धूर ओढायचा, की चेहरा प्रेतासारखा होतो. लंडनच्या किंग्जफील्डनं १५८२ साली हे लोकांसमोर केलं होतं.

तालीम चुकली तर? चीपसाइडच्या गुत्त्यातला एक जादूगार दारूच्या नशेत ते कवच बांधायला विसरला आणि खरोखरच मेला. स्कॉटनं हेही नोंदवलं आहे.

स्कॉटलंडचा राजा जेम्स मात्र भडकला. १५९७ च्या आपल्या ग्रंथात त्यानं स्कॉटचं नाव घेऊन टीका केली. पुढे तो इंग्लंडच्या गादीवर आला आणि १६०४ मध्ये चेटकाचा कायदा आणखी कडक झाला. तो रद्द व्हायला १७३६ उजाडलं. आपल्याकडे नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे कार्यकर्ते चमत्कार करून दाखवत आणि मग त्यामागची युक्ती सांगत. त्यांचा २०१३ साली खून झाला.

स्कॉटच्या कृती मात्र पुढे उचलल्या गेल्या. १६१२ मध्ये हातचलाखीचं एक पुस्तक निघालं, त्यात त्या जवळपास जशाच्या तशा आल्या.