ऑनबोर्ड चार्जर

ऑनबोर्ड चार्जर : विद्युत मोटारीच्या आतच बसवलेले, घरच्या प्रत्यावर्ती (एसी) विजेचे एकदिश (डीसी) विजेत रूपांतर करणारे उपकरण. बॅटरी फक्त एकदिश वीज साठवते, त्यामुळे घरी चार्ज होणाऱ्या प्रत्येक मोटारीला ते लागते. रस्त्यावरच्या जलद डीसी केंद्रात हे रूपांतर बाहेरच्या मोठ्या कपाटात होते आणि वीज थेट बॅटरीकडे जाते. मोटारीतले उपकरण मात्र जागा, वजन, उष्णता आणि किंमत सांभाळून बनवावे लागते, म्हणून त्याची क्षमता मर्यादित असते.

घराच्या भिंतीवर लावलेल्या पेटीलाही सर्रास ‘चार्जर’ म्हणतात आणि बहुतेक गोंधळ या एका शब्दातून सुरू होतो. ती पेटी वीज बदलत नाही. ती अर्थिंग तपासते, जोडणी सुरू-बंद करते आणि या वायरीतून जास्तीत जास्त किती अँपिअर ओढावेत एवढे मोटारीला कळवते. हा निरोप एका बारीक तारेवरून सेकंदाला १,००० स्पंदांच्या रूपात जातो. स्पंद सुमारे २७ टक्के वेळ चालू असेल तर त्याचा अर्थ १६ अँपिअर, ५३ टक्के असेल तर ३२ अँपिअर. मोटार त्याहून कमी ओढू शकते, जास्त नाही.

म्हणजे घरची वायर, भिंतीवरची पेटी आणि ऑनबोर्ड चार्जर या तिघांत जो सर्वांत कमी, तोच वेग ठरवतो. २३० व्होल्टच्या एका फेजवर १५ अँपिअरच्या सॉकेटमधून साधारण ३.३ किलोवॉट मिळतात, ३२ अँपिअरच्या जोडणीतून सुमारे ७.२. तीन फेजवर १६ अँपिअरने ११ आणि ३२ अँपिअरने २२ किलोवॉटपर्यंत मजल जाते.

टाटा मोटर्सच्या नेक्सॉन ईव्ही मॅक्समध्ये (२०२२) हे चांगले दिसते. बॅटरी एकच, ४०.५ युनिटांची, पण ऑनबोर्ड चार्जर ३.३ किंवा ७.२ किलोवॉटचा निवडता येई. रूपांतरात साधारण दहा टक्के वीज उष्णतेत जाते असे धरले, तर रिकामी बॅटरी पहिल्यावर भरायला चौदा तासांच्या आसपास लागतात, दुसऱ्यावर साडेसहाच्या आत. ३.३ चा पर्याय घेतलेल्याने नंतर कितीही मोठी पेटी भिंतीवर लावली, तरी त्याच्या वेळेत फरक पडत नाही.

सर्वांत महागडी चूक तीन फेजच्या पेटीबाबत होते. ११ किलोवॉटची पेटी प्रत्येक फेजवर १६ अँपिअर देते. ७.२ किलोवॉटचा एकफेजी ऑनबोर्ड चार्जर तिन्हींपैकी एकाच फेजला जोडला जातो, म्हणून त्याच्या वाट्याला १६ गुणिले २३०, म्हणजे जेमतेम ३.७ किलोवॉट येतात. एका फेजची ३२ अँपिअरची साधी पेटी त्याच मोटारीला जवळपास दुप्पट वेग देते. पेटीवरचा मोठा आकडा पाहून पैसे मोजण्याआधी मोटारीच्या माहितीपुस्तिकेत ‘एसी चार्जिंग’चा आकडा आणि फेजची संख्या पाहिलीच पाहिजे. ११ किलोवॉटचे तीनफेजी चार्जर युरोपात सर्वसाधारण आहेत. भारतात २०२४ मध्ये आलेल्या महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या मोटारी ११.२ किलोवॉटपर्यंत एसी वीज घेतात.

मर्यादा ओलांडण्याचा एक धाडसी प्रयत्न रेनोने २०१३ च्या झोई मोटारीत केला. वेगळा चार्जर न बसवता मोटरची वेटोळी आणि तिचे नियंत्रक इलेक्ट्रॉनिक्सच रूपांतरासाठी वापरले आणि एसीवर ४३ किलोवॉट मिळवले. पण घरच्या कमी प्रवाहावर हीच रचना वीज वाया घालवत असे. मंद चार्जिंगचा हा तोटा थोड्या प्रमाणात सगळीकडेच आहे: चार्जिंग चालू असेपर्यंत मोटारीतले संगणक आणि पंप आपला वाटा घेत राहतात, आणि तास वाढले की तो वाटाही वाढतो.

घराच्या बाजूने खरी परीक्षा वायरिंगची. गीझर तेवढीच वीज पाव तास ओढतो, मोटार रात्रभर. सैल स्क्रूचा सॉकेट अशा वेळी वितळतो. म्हणून मीटरपासून स्वतंत्र लाइन, तिला स्वतंत्र एमसीबी आणि नीट अर्थिंग हवे. ३२ अँपिअरसाठी सहसा ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घालतात, आणि मंजूर भार कमी असल्यास तो वाढवून घ्यावा लागतो. वीज ग्राहक हक्क नियमांतील फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीने चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागण्याची सोय ग्राहकाला दिली आहे.

रोज चाळीस किलोमीटर जाणाऱ्याला सहा-सात युनिटे पुरतात, आणि ती १५ अँपिअरच्या सॉकेटवरही दोन-अडीच तासांत भरतात. रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत त्याच सॉकेटवर दीडशे किलोमीटरच्या आसपास भर पडते. ७.२ किलोवॉटची गरज लागते ती लांबून रिकामी परतलेल्या आणि सकाळी पुन्हा निघणाऱ्या मोटारीला, किंवा एकाच पार्किंगमध्ये दोन मोटारी आळीपाळीने लावणाऱ्या घराला.