रेसिंग सायकलचे टायर निवडताना
रेसिंग सायकलींना २३ मिलिमीटर रुंदीचे टायर दीर्घकाळ प्रचलित होते. टायर जितका अरुंद आणि कडक, तितका वेग अधिक, असा समज त्यामागे होता. प्रत्यक्षात खडबडीत रस्त्यावर अतिकडक टायर उसळतो आणि चालकाची शक्ती वाया जाते. त्यामुळे आता शर्यतींतही २८ मिलिमीटरचे टायर दिसतात.

टायर बदलताना त्याच्या बाजूवरील आकडा पाहावा. '२८-६२२' यातील २८ ही रुंदी, तर ६२२ हा टायर रिमवर जेथे बसतो तेथील व्यास. रुंदीत थोडा फरक चालतो, व्यासात नाही. जुन्या २७ इंची चाकाचा व्यास ६३० मिलिमीटर असल्याने हा टायर त्यावर चढत नाही. रुंद टायर फ्रेमला अथवा ब्रेकला घासणार नाही, हेही तपासावे. त्यात हवा मात्र कमी भरावी. टायर व रिमवरील कमाल दाबाची मर्यादा ओलांडल्यास टायर रिमवरून निसटण्याचा धोका असतो.