२६ जुलै आठवतो, २७ जुलै आठवतो का?

२६ जुलै २००५ म्हटलं की आपल्याकडे प्रत्येकाची एक कहाणी असते. पण दुसऱ्याच दिवशी मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर समुद्रात मुंबई हायचा नॉर्थ प्लॅटफॉर्म जळून गेला आणि २२ माणसं गेली, हे किती जणांच्या लक्षात आहे? पुराच्या बातम्यांत ही बातमी वाहूनच गेली.

झालं काय, तर ‘समुद्र सुरक्षा’ जहाजावर एका स्वयंपाक्याची बोटं कापली. त्याला उपचारासाठी प्लॅटफॉर्मवर चढवायचं म्हणून जहाज भर पावसाळ्यात जवळ गेलं आणि राइजरवर आदळलं. राइजर म्हणजे समुद्रतळ आणि प्लॅटफॉर्म यांमधला तेल-वायूचा उभा पाइप. वायू सुटला, पेटला आणि दोनेक तासांत सगळं संपलं.

मला खटकतं ते हे की, राइजर फुटला तर काय होतं ते जगाला १७ वर्षं आधीच कळलं होतं. ६ जुलै १९८८ ला ब्रिटनच्या उत्तर समुद्रात ‘पायपर अल्फा’ पेटला, १६७ माणसं गेली. तिथेही राइजर फुटले, आणि जोडलेल्या पाइपलाइनींमधला वायू आगीला मिळतच राहिला.

लॉर्ड कलन यांच्या चौकशीने १९९० मध्ये १०६ शिफारशी केल्या. त्यातून दोन मोठे बदल झाले. एक, नुसती नियमांची यादी पाळून भागेना. आपल्या प्लॅटफॉर्मवर काय बिघडू शकतं आणि त्यावर काय उपाय केलाय, हे कंपनीनेच दाखवून द्यायचं. दोन, सुरक्षेची देखरेख ऊर्जा खात्याकडून काढून वेगळ्या यंत्रणेकडे दिली. कारण उत्पादन वाढवा म्हणणाऱ्यानेच काम थांबवा म्हणायचं, हे जमत नाही.

आपल्याकडे मुंबई हायमधून तेल १९७६ पासून येतंय. समुद्रातल्या तेल-वायू कामासाठीचे खास सुरक्षा नियम आले २००८ मध्ये, म्हणजे आगीनंतर. अंमलबजावणी दिली ओआयएसडीकडे, जी पेट्रोलियम मंत्रालयाच्याच अखत्यारीत आहे. म्हणजे दुसरा धडा अर्धवटच राहिला.

मग मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात पी-३०५ बार्ज बुडाला, ७० हून अधिक कामगार गेले. मानकं फक्त पोलादाची आणि व्हॉल्व्हची नसतात. वादळाचा इशारा आल्यावर माणसं कधी हलवायची, हेही त्यातच यायला हवं.

माझं म्हणणं एवढंच, की मानकांची उजळणी ठरलेल्या मुदतीत व्हावी, त्यासाठी पुढच्या अपघाताची वाट बघायला नको. आणि ती मंत्रालयाबाहेरच्या स्वतंत्र यंत्रणेने करावी. उरणच्या प्लांटमध्ये येणारा वायू याच समुद्रातून येतो. तिथे कामाला जाणारी माणसंही आपल्याच गावांतली आहेत.