सेवाग्रामच्या सहलीची कुळकथा

राळेगाव तालुक्यातली माणसं सेवाग्रामला मुख्यतः दोन कारणांनी जातात. घरातलं कोणी जास्त आजारी पडलं की कस्तुरबा दवाखान्यात, आणि शाळेत असताना सहलीला. दिवाळीनंतर, कापसाचा वेचा जोरात असतो त्या दिवसांत, मुख्याध्यापक आगारात जाऊन प्रासंगिक करारावर एसटी ठरवतात, वर्गात संमतीपत्रं वाटली जातात आणि एका थंड पहाटे डबे घेतलेली मुलं कळंब-देवळीच्या नाहीतर वडकी-हिंगणघाटच्या रस्त्याने वर्ध्याकडे निघतात. बापूकुटी, पवनारचा आश्रम, गीताई मंदिर, विश्वशांती स्तूप, हा क्रमही आता ठरून गेला आहे. मोठ्या माणसाचं राहतं घर घोळक्याने पाहायला जायची ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे, की तिचं मूळ कोणी विचारत नाही.

तिचं एक मूळ सातासमुद्रापार आहे. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचा मुक्काम स्वातंत्र्ययुद्धात न्यूबर्ग इथल्या ज्या घरात होता, ते घर न्यूयॉर्क राज्याने 1850 साली सरकारी खर्चाने घेतलं आणि लोकांना पाहण्यासाठी खुलं केलं. वॉशिंग्टन यांचं स्वतःचं माउंट व्हर्नन मात्र पडायला आलं होतं. पोटोमॅक नदीतून आगबोटीने जाणाऱ्यांना त्याची दशा दिसत होती, पण सरकार हात लावेना. शेवटी ॲन पामेला कनिंगहॅम या बाईंनी राज्याराज्यांतल्या बायकांची संघटना उभी केली आणि 1858 साली दोन लाख डॉलरना ते घर घेण्याचा करार केला. नेत्याचं घर होतं तसं राखायचं, वस्तू जागच्या जागी ठेवायच्या, माणसांचे गट एकेका खोलीतून फिरवायचे, हा रिवाज तिथून पसरला. आपल्याकडे नेहरूंच्या निधनानंतर त्याच वर्षी, 1964 च्या नोव्हेंबरात, दिल्लीचं तीन मूर्ती भवन संग्रहालय झालं, तेही याच वाटेने.

सेवाग्रामचं कूळ वेगळं आहे. तिथे घर राखायच्या आधी माणसं राहायला आली.

30 एप्रिल 1936 ला गांधीजी वर्ध्याची मगनवाडी सोडून शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले, तेव्हा आश्रम काढायचा त्यांचा विचारच नव्हता. खेड्यात एकट्याने राहायचं होतं. जमीन जमनालाल बजाजांची. घर आसपासच्या वस्तूंचंच असावं आणि खर्च शंभर रुपयांच्या वर जाऊ नये, अशी अट. पण माणसं कुठली थांबतात! सुरुवातीला त्यांचे सचिव महादेवभाई देसाई वैशाखाच्या उन्हात रोज मगनवाडीहून पायी यायचे आणि पायीच परत जायचे. मग एकेक जण येऊन राहिला, एकेक कुटी वाढली. आपण आज जिला बापूकुटी म्हणतो ती मुळात त्यांच्या शिष्या मीराबेनची. मातीच्या भिंती, वर कवेलू, भिंतीवर मीराबेनने मातीतच उठवलेली ताडाची झाडं, चरखा आणि ओम. टपाल विदर्भातल्याच दुसऱ्या शेगावला, गजानन महाराजांच्या गावी जाऊ लागलं, म्हणून 1940 च्या मार्चमध्ये गावाचं नाव सेवाग्राम केलं.

गांधीजी स्वतः काँग्रेसचे अध्यक्ष एकदाच झाले, 1924 च्या बेळगाव अधिवेशनात. पुढचे अध्यक्ष मात्र, नेहरू, सुभाषबाबू, मौलाना आझाद, राजेंद्रबाबू, सल्ल्यासाठी याच मातीच्या घरात येऊन जमिनीवर बसत. त्या काळी काँग्रेसच्या अध्यक्षाला लोक राष्ट्रपती म्हणत. त्यांतले राजेंद्रबाबू पुढे प्रजासत्ताकाचे पहिले राष्ट्रपती झाले. 1937 च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर नई तालीमचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाकीर हुसेन होते, तेही 1967 साली त्याच पदावर गेले.

पाहुणा म्हणून आलेल्यालाही आश्रमाचा दिनक्रम पाळावा लागे. 1942 च्या जूनमध्ये लुई फिशर हा अमेरिकी पत्रकार आठवडाभर राहिला. त्याला रोज गांधीजींचा तासभर वेळ मिळे आणि जेवायला आश्रमाचं साधं अन्न. वर्ध्याचा जून त्याला सोसेना, तेव्हा पाण्याच्या टबात खोकं ठेवून त्यावर बसून त्याने आपलं टंकलेखन केलं. आपल्याकडचा उन्हाळा ज्याने भोगला आहे, त्याला यात नवल वाटणार नाही.

25 ऑगस्ट 1946 ला गांधीजी दिल्लीला निघाले. पुढे नोआखाली, बिहार, कलकत्ता, पुन्हा दिल्ली. सेवाग्रामला ते परत आले नाहीत. त्यांच्या हत्येनंतर, मार्च 1948 मध्ये, नेहरू, राजेंद्रबाबू, विनोबा, कुमारप्पा इथेच जमले, आता पुढे काय हे ठरवायला. डिसेंबर 1949 मध्ये देशोदेशीचे शांतिवादी शांतिनिकेतनहून इथे आले. ही बैठक गांधीजींच्या हयातीतच ठरली होती, ते स्वतः मात्र तिला नव्हते. माझ्या मते सेवाग्रामच्या सहलीचा जन्म इथला. घरधनी नाही, तरी लोक गटाने येतात, राहतात, प्रार्थनेला बसतात, ही रीत त्या दोन बैठकांत पडली. तिचं नातं माउंट व्हर्ननच्या रांगेपेक्षा आपल्या यात्रेशी जवळचं आहे. यात्रेकरू देवाच्या दारी मुक्काम करतो.

काळाबरोबर संग्रहालयाचे नियम इथेही आले, आणि ते यायलाच हवे होते. गांधीजींचा चष्मा इथून चोरीला गेल्याचं 2011 साली उघड झालं, तेव्हा अनेकांना चटका बसला. वस्तू आहेत तरी किती? बैठक, चरखा, तीन माकडं, व्हाइसरॉयने बसवून दिलेल्या टेलिफोनची जागा, साप न मारता पकडून बाहेर सोडायची साधनं. मुलं सर्वांत जास्त या सापाच्या पिंजऱ्यापाशी रेंगाळतात. कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींसाठी बांधलेल्या कुटीपाशी मात्र कोणी थांबत नाही. गांधीजी स्वतः त्यांची मालिश करत, हे सांगायला शिक्षकांना वेळच उरत नाही. पुढे पवनार गाठायचं असतं.

इव्हान इलिच या विचारवंताने जानेवारी 1978 मध्ये सेवाग्रामच्या परिषदेत भाषण केलं. विषय होता, ही झोपडी आपल्याला काय सांगते. त्याआधी तो कुटीत बराच वेळ नुसता बसला होता. इतकं छोटं घर असं बसल्याशिवाय कळत नाही.

राळेगावच्या शाळांना हे जमण्यासारखं आहे. मुंबईच्या शाळांसारखं आपल्याला लांबून यायचं नाही, वर्धा नदी ओलांडली की वर्धा जिल्हा सुरू होतो. मुख्याध्यापकांना विनंती आहे की यंदा ठिकाणं कमी करा. आश्रमासमोरच्या यात्री निवासात एक रात्र काढा. संध्याकाळी आणि पहाटे पिंपळाजवळच्या मैदानावर प्रार्थना होते. तिथे मुलांना जमिनीवर बसू द्या आणि सकाळी परचुरे कुटीपाशी ती गोष्ट सांगा. पवनार पुढच्या वर्षी.