कार्नेटचा कागद आणि हमीचा पुरावा

मालाबरोबर फिरणाऱ्या परवान्यास जुन्या मराठी कागदपत्रांत ‘दस्तक’ म्हणत. इ. स. १७१७ च्या फर्मानानंतर बंगालमध्ये कंपनीच्या दस्तकांचा खाजगी व्यापारात जो दुरुपयोग झाला, तो अभ्यासकांस परिचित आहे. कागद खरा असला तरी त्याच्या आडून चालणारा व्यवहार खरा असेलच असे नाही, हा त्या प्रकरणाचा बोध होय. हाच प्रश्न विसाव्या शतकात यूरोपच्या रस्त्यांवर निराळ्या स्वरूपात उद्भवला. त्याचा मागोवा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

महायुद्धोत्तर यूरोपात मालमोटारीस एका देशातून दुसऱ्या देशात जाताना प्रत्येक सरहद्दीवर तपासणी व मार्गस्थ मालावरील करापोटी तारण ह्या दोन्ही अडचणी सोसाव्या लागत. त्यांवर १९४९ साली काही राष्ट्रांनी तात्पुरती व्यवस्था केली. तिचेच रूपांतर १५ जानेवारी १९५९ च्या जिनीव्हा करारात झाले. १४ नोव्हेंबर १९७५ रोजी झालेला सुधारित करार १९७८ पासून अंमलात आहे. मालमोटारींवरील निळ्या पाटीवर दिसणारी ‘टीआयआर’ ही अक्षरे ‘आंतरराष्ट्रीय रस्तावाहतूक’ अशा अर्थाच्या फ्रेंच पदांची आद्याक्षरे होत. ‘कार्नेट’ म्हणजे मुळात लहानशी वही, आणि येथे शब्दाने वस्तूचे यथार्थ वर्णन केले आहे.

ह्या वहीत प्रत्येक देशासाठी दोन पाने लागत. प्रवेशाच्या वेळी एक पान फाडून घ्यावयाचे, निर्गमनाच्या वेळी दुसरे. वहीत उरे ती शिक्का मारलेली स्थळप्रत. निघण्याच्या ठिकाणी माल तपासून मोहरबंद केला की पुढील देशांनी ती तपासणी सामान्यतः मान्य करावयाची. माल वाटेत गडप झालाच, तर कर भरण्याची हमी त्या त्या देशातील वाहतूकदारसंस्था घेई. हमीची मर्यादा दीर्घकाळ दर कार्नेटमागे ५०,००० अमेरिकी डॉलर होती.

योजना सुबक होती. परंतु तिच्यात एक मर्मस्थान उघडे राहिले. माल पोचल्याचा पुरावा ज्या वहीत नोंदला जाई, ती वही वाहतूकदाराच्याच हाती असे. ज्याच्या सचोटीची परीक्षा व्हावयाची, त्याच्याच खिशात साक्षीपत्र! शिक्के मूठभर राष्ट्रांचे होते तोवर हे निभावले. १९८९ नंतर पूर्व यूरोप खुला झाला, वाहतूक वाढली, बनावट शिक्क्यांनी माल परस्पर नाहीसा होऊ लागला, आणि १९९० नंतरच्या दशकात हमीची साखळीच धोक्यात आली.

संगणकाचा प्रवेश झाला तो ह्या संकटातून. २० ऑक्टोबर १९९५ च्या शिफारशीनुसार गन्तव्य स्थानाच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी माल पोचल्याची वार्ता हमीदार संघटनेस स्वतंत्रपणे कळवावी असे ठरले. २००६ साली हे परिशिष्ट १० म्हणून बंधनकारक झाले. पुढे २५ मे २०२१ पासून अंमलात आलेल्या परिशिष्ट ११ ने कागदी वहीशिवाय संपूर्ण व्यवहार करण्याची वाट मोकळी केली.

तेव्हा संगणकीकरणाचे मूळ कारण वेग हे नसून पुराव्याचे स्थानांतर हे होय, असे म्हणावयास हरकत नाही. वाहतूकदाराच्या खिशातील साक्ष सीमाशुल्क अधिकाऱ्यांच्या स्वतंत्र संदेशात गेली. मात्र यंत्रणा बंद पडल्यास उपयोगी यावे म्हणून सोबतच्या कागदाची तरतूद परिशिष्ट ११ मध्येही आहे, हे विसरून चालणार नाही.

भारत ह्या करारात २०१७ साली सामील झाला, आणि मार्च २०१९ मध्ये अफगाणिस्तानातून इराणमार्गे आलेला माल न्हावा शेवा बंदरात ह्या पद्धतीने उतरला. आपल्या किनाऱ्याशी जुळलेला हा धागा पाहता, कागदापेक्षा कागदाचा साक्षीदार कोण हे आधी विचारावे, हा दस्तकाच्या इतिहासाने घालून दिलेला पाठ आजही ताजाच आहे.