पेव, बळद आणि पिठाचा डबा

देवगिरीच्या वेढ्याची एक हकीकत फरिश्त्यानें नमूद केली आहे. इ. स. १२९६ सालीं अल्लाउद्दीन खिलजी अकस्मात् चालून आला, तेव्हां रामदेवराव यादवानें किल्ल्याचा आश्रय घेतला; परंतु धान्याचीं समजून घाईघाईनें वर नेलेलीं पोतीं उघडून पाहतां मिठाचीं निघालीं. ही हकीकत तीनशें वर्षांनंतर लिहिलेली असल्यानें तिच्या तपशिलाविषयीं शंका घेण्यास जागा आहे. पण मीठ कधीं नासत नाहीं व त्यावर पोटही भरत नाहीं, आणि ज्यावर पोट भरतें तें धान्य नासतें, ही अडचण शेजारच्या बीड प्रांताला पुढें शतकानुशतकें सोडवावी लागली.

बालाघाटाच्या या मुलखांत पाऊस बेभरंवशाचा. एका सुगीची ज्वारी दोन-तीन वर्षें पुरवावी लागे. १६३० ते १६३२ च्या दुष्काळांत तर मोगल व निजामशाही यांचें युद्ध याच भागांत चालू होतें, आणि धारूरचा किल्ला १६३१ त मोगलांच्या हातीं गेला. अशा काळीं उघड्यावरील कणगी डोळ्यांत भरे. जमिनीखालचें पेव दिसत नसे.

पेव खणावयाचें तें पांढरींतील मुरमाड, उंच जागीं. काळ्या जमिनींत ओल धरून राहते, म्हणून ती वर्ज्य. तोंड अरुंद, पोट रुंद. तळाशीं व कडेनें कडबा किंवा भुसा घालून मधें उन्हांत कडकडीत वाळविलेली ज्वारी भरीत आणि तोंड मातीनें लिंपून टाकीत. आंत कोंडलेलें धान्य व त्यांतील किडे श्वासोच्छ्वास करून प्राणवायु संपवितात, कर्बाम्ल वायु सांचतो, आणि कीड आपोआप गुदमरून मरते. रसायनशास्त्राचें नांव न ऐकलेल्या शेतकऱ्यानें साधलेली ही युक्ति खरोखर नवलाची आहे. मात्र तोच वायु माणसालाही सोडीत नाहीं. पेव उघडून लगेच आंत उतरणारे प्राणास मुकत. म्हणून जाणते लोक तें बराच वेळ उघडें ठेवीत व आधीं पेटता दिवा आंत सोडून पाहत. दिवा विझला कीं उतरणें बंद.

पेवांतील सारेंच धान्य निर्दोष निघे असें नव्हे. कडेचा थर ओलीनें काळवंडे, त्याला वास येई. बियाणें म्हणूनच निराळें राखीत. डाळी व घरखर्चाचें धान्य वाड्याच्या भिंतींतील बळदांत किंवा शेणानें सारवलेल्या कणगींत लिंबाचा पाला, राख घालून ठेवीत. अख्ख्या कडधान्यावर भुंगा अंडीं घालतो. डाळ भरडली म्हणजे त्याचा उपद्रव पुष्कळ कमी होतो, आणि एरंडेलाचें बोट लागलें तर आणखीच. मीठ आणि साखर कोरडीं राहिलीं तर त्यांना काळाचें भय नाहीं. सडलेला तांदूळ वर्षानुवर्षें राहतो. गूळ मात्र पावसाळ्यांत पाझरतो, हें शहरांतील गृहिणींनाही ठाऊक आहे.

१९७२ च्या दुष्काळांत बीड जिल्हा होरपळला, तेव्हां लोकांनीं परदेशांतून आलेली तांबडी मिलो खाल्ली. पोत्यांतील धान्य, सरकारी गुदामें व बाजार यांच्या आधारावर संसार चालूं लागल्यावर पेवें हळूहळू बुजत गेलीं. त्याविषयीं फार हळहळण्याचें कारण नाहीं. गुदामांतील धान्य निदान जीव घेत नाहीं.

खरी नासाडी दुसऱ्याच एका बदलानें घरांत शिरली, आणि तिची नोंद इतिहासकार क्वचितच घेतात. ज्वारी-बाजरीच्या दाण्याच्या अंकुरांत तेल असतें. दाणा अखंड असेपर्यंत तें सुरक्षित राहतें; दळतांच त्याला हवा लागते आणि पीठ कडू होऊं लागतें. बाजरीचें पीठ तर थोड्याच दिवसांत बिघडतें. जात्यावर रोज पहाटे लागेल तेवढेंच दळणाऱ्या बायांच्या घरीं पीठ शिळें होण्यास अवधिच नसे. पिठाची गिरणी आली, बायांचे कष्ट वाचले, तें योग्यच झालें. पण पंधरा-पंधरा दिवसांचें पीठ डब्यांत सांचूं लागलें, आणि वर्षानुवर्षें टिकणारी ज्वारी महिन्याच्या आंत उकिरड्यावर जाऊं लागली.