धक्क्याला बांधलेलं घर

स्मरणिका समितीने मला ‘घर’ या विषयावर काहीतरी लिहा म्हणून सांगितलं, आणि मी लिहितोय बोटींवर. आयुष्यभर बँकेत खतावण्या तपासलेला माणूस एकदम समुद्रावर कसा गेला, असं काहींना वाटेल. पण त्याला कारण आपलाच कट्टा आहे.

फेब्रुवारी २०२५ मधली गोष्ट. संध्याकाळी आम्ही ज्येष्ठ मंडळी नेहमीप्रमाणे ए विंगखाली बसलो होतो. ‘युनायटेड स्टेट्स’ नावाची जुनी अमेरिकन प्रवासी बोट फिलाडेल्फियाच्या धक्क्यावरून ओढून दक्षिणेकडे नेत आहेत, आणि पुढे फ्लोरिडाजवळ ती मुद्दाम समुद्रात बुडवणार आहेत, अशी बातमी होती. माशांना आसरा आणि पाणबुड्यांना पाहायला एक ठिकाण, असा त्यामागचा विचार. त्यावर सी विंगमधल्या एक वहिनी म्हणाल्या, “अहो, एवढी मोठी बोट बुडवायची कशाला? त्यापेक्षा पुलाखाली झोपणाऱ्यांना द्या की! हजार माणसं सुखाने राहतील.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. घरी आल्यावर मात्र हिशेबनिसाचा किडा वळवळायला लागला. हे कोणी कधी करून पाहिलंय का? पाहिलं असेल तर काय झालं? पुढचे काही महिने मी तेच वाचत बसलो. त्याचा हा गोषवारा.

वहिनींच्या डोक्यात आलं ते मोठमोठ्या महापौरांच्याही डोक्यात येऊन गेलेलं आहे. न्यूयॉर्कमध्ये बेघरांची संख्या फार वाढली, तेव्हा ब्लूमबर्ग महापौर असताना, २००२ च्या सुमारास, निवृत्त प्रवासी बोटी निवाऱ्यासाठी घेता येतील का याची पाहणी झाली. त्यासाठी अधिकारी बहामा बेटांपर्यंत जाऊन आले. पुढे काही झालं नाही. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहराच्या नगर परिषदेच्या अध्यक्षा रेबेका कॅप्लन यांनी हजार बेघरांसाठी एक बोट बंदरात आणून बांधावी, असं सुचवलं. बंदराच्या प्रशासनाने ते व्यवहार्य नाही असं सांगितलं आणि विषय मागे पडला.

कल्पना पुन्हा पुन्हा सुचते, कारण कागदावर ती फार देखणी दिसते. हजार बिछाने तयार, मोठं स्वयंपाकघर तयार, दवाखाना, न्हाणीघरं, सगळं जागच्या जागी. जमीन घ्यायला नको, पाया खणायला नको, बिल्डरच्या मागे धावायला नको.

आणि हे कधीच जमलं नाही असंही नाही. १९२९ साली फ्रान्समध्ये ‘फेलिक्स रुसेल’ नावाची बोट पाण्यात उतरली. ती मार्सेहून अतिपूर्वेकडे जायची. दुसऱ्या महायुद्धात ती सैनिक नेणारी बोट झाली. जानेवारी १९४२ मध्ये ती आपल्या मुंबईहूनच सैनिक घेऊन सिंगापूरला निघाली होती आणि वाटेत जपानी बाँबहल्ला सोसून पोचली. युद्धानंतर तिचं नाव बदललं, ‘अरोसा सन’ झालं. नंतर मालक कंपनीचं दिवाळं निघालं. १९६० मध्ये हॉलंडमधल्या एयमाउडन गावच्या होखओव्हन्स या पोलाद कारखान्याने ती विकत घेतली आणि कामगारांचं वसतिगृह म्हणून बांधून ठेवली. स्पेन-इटलीकडून पोटासाठी आलेली माणसं तिच्यात राहत आणि तिथून कारखान्यात कामाला जात. १९७४ मध्ये ती मोडीत निघाली. म्हणजे धक्क्याला बांधलेल्या अवस्थेत ती जवळजवळ चौदा वर्षं उपयोगी पडली. हाच कारखाना २००७ पासून टाटा स्टीलचा आहे, आणि २०२२ मध्ये त्याच वेल्सन नगरपालिकेच्या हद्दीत ‘सिल्या युरोपा’ ही दुसरी प्रवासी बोट हजारभर निर्वासितांसाठी येऊन उभी राहिली. बोटीलाही कुळाचार असतो म्हणायचा!

पण याहून मोठी मुदत काढली ती पॅरिसमधल्या एका साध्या बार्जने. पहिल्या महायुद्धात पोलादाची टंचाई होती म्हणून ती सिमेंट काँक्रीटची बांधली होती, कोळसा वाहून नेण्यासाठी. युद्ध संपलं, तिचं काम संपलं. ती मुक्तिफौजेच्या हाती आली. ही मुक्तिफौज १८८२ पासून आपल्या मुंबईतही आहे. फौजेने बार्जला निवारा करायचं काम दिलं ल कार्बुझिए यांना. होय, ज्यांनी पुढे आपलं चंडीगड रचलं तेच. या गृहस्थांना प्रवासी बोटींचं मोठं वेड होतं. १९२३ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी घर बांधणाऱ्यांना बोटींकडे बघायला सांगितलं होतं. थोड्या जागेत किती माणसं, किती उजेड, किती हवा, हे बोटीकडून शिका, असा त्यांचा आग्रह. १९२९ मध्ये त्यांनी कोळशाच्या त्या अंधाऱ्या पोटाला लांबच लांब खिडक्या दिल्या आणि आत दीडशेच्या आसपास बिछाने बसवले. नाव ‘लुईझ-कॅथरीन’. हिवाळ्यात पॅरिसच्या पुलांखाली कुडकुडणारी माणसं तिथे झोपायला येत, आणि उन्हाळ्यात गरीब मुलांची शिबिरं भरत. १९९४ मध्ये सुरक्षिततेच्या कारणाने तो निवारा बंद झाला. २०१८ मध्ये सीन नदीच्या पुरात बार्ज बुडाली आणि २०२० मध्ये तिला पुन्हा वर काढलं.

साठ वर्षांहून जास्त! मी विचार करत होतो, हिला जमलं ते न्यूयॉर्कला आणि ओकलंडला का जमलं नाही? एक कारण तिचा आकार. दीडशे माणसांचा हिशेब ठेवता येतो, त्यांची नावं पाठ होतात. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ती ऑस्टरलिट्झ पुलाजवळ, भर शहरात बांधलेली होती. माणूस फळीवरून उतरला की शहरातच. जिथे काम शोधायचं, जिथे ओळखीचं कोणी भेटायचं, तिथेच.

या दुसऱ्या कारणाचा पडताळा अमेरिकेत २००५ मध्ये आला. कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिअन्स बुडालं तेव्हा सरकारने कार्निव्हल कंपनीच्या तीन चालू प्रवासी बोटी सहा महिन्यांसाठी भाड्याने घेतल्या. करार २३.६ कोटी डॉलरचा. आधी त्या टेक्सासमध्ये आश्रय घेतलेल्या लोकांसाठी आणायचं ठरलं. गंमत म्हणजे बऱ्याच लोकांनी बोटीवर जायला नकार दिला. मऊ गाद्या, भरपूर जेवण, तरी नको. त्यांना कामं शोधायची होती, मुलांची शाळा लावायची होती, हरवलेली माणसं हुडकायची होती. शेवटी दोन बोटी न्यू ऑर्लिअन्सलाच नेल्या. तिथे मात्र ज्यांचं घर गेलं होतं पण नोकरी शहरातच होती असे पोलीस, अग्निशमन दलाची माणसं, पालिकेचे कर्मचारी त्यांत राहिले. खर्चावर पुढे खूप टीका झाली, कारण माणशी हिशेब केला तर सुट्टीतली सहल स्वस्त पडली असती.

स्कॉटलंडमध्ये २०२२ साली युक्रेनमधून आलेल्या लोकांसाठी एडिंबराच्या लीथ बंदरात ‘व्हिक्टोरिया’ ही बोट वर्षभर होती. हजाराच्या वर माणसं. लोक मोकळेपणाने शहरात जात-येत, मुलं शाळेत जात. मुदत ठरलेली होती, आणि त्या काळात पुढची घरं शोधण्याचं काम चालू होतं.

याच्या उलट गोष्ट इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्टलंड बंदरात घडली. ‘बिबी स्टॉकहोम’ ही तीनमजली बार्ज. आश्रय मागायला आलेल्या सुमारे ५०० पुरुषांना तिच्यावर ठेवायचं ठरलं. ऑगस्ट २०२३ मध्ये पहिली माणसं चढली आणि आठवडा पूर्ण व्हायच्या आत सगळ्यांना उतरवावं लागलं, कारण पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू सापडले. मग पुन्हा चढवलं. त्याच डिसेंबरमध्ये तिथे राहणाऱ्या एकाचा मृत्यू झाला. २०२४ च्या अखेरीस ती रिकामी केली. बार्ज बंदराच्या कुंपणाच्या आत होती. बाहेर जायचं तर तपासणी आणि ठरलेली बस. छप्पर होतं, जेवण होतं, पण माणसं नजरेआड ठेवलेली होती.

आता थोडं हिशेबाचं, कारण त्याशिवाय मला झोप येणार नाही. बोट फुकट मिळाली तरी ती पांढरा हत्ती असते. समुद्राचं पाणी पत्रा खातं, तो खरवडून रंगवावा लागतो. धक्क्याचं भाडं, वीज, पिण्याचं पाणी, मैलापाणी, आगीची व्यवस्था, शिवाय जुन्या बोटींत अ‍ॅस्बेस्टॉस. वहिनींची ‘युनायटेड स्टेट्स’ १९५२ मध्ये ३ दिवस १० तास ४० मिनिटांत अटलांटिक पार करून जगात पहिली आली होती. १९६९ मध्ये तिची सेवा थांबली. पुढे तिचं सामान लिलावात गेलं, आतलं सगळं काढून टाकलं, आणि १९९६ पासून ती फिलाडेल्फियाला नुसता रिकामा सांगाडा म्हणून उभी होती. तिथे झोपायला एक खोलीही शिल्लक नव्हती, आणि शेवटी वाद झाला तोही धक्क्याच्या भाड्यावरूनच. ‘क्वीन मेरी’ १९६७ पासून कॅलिफोर्नियात लाँग बीचला आहे, आणि पुढे तिचं हॉटेल झालं. ती पैसे कमावते, तरी तिच्या डागडुजीने त्या शहराला वेळोवेळी घाम फोडला आहे. आणि लांब कशाला, आपली ‘विक्रांत’? १९९७ मध्ये निवृत्त झाली, मुंबईत काही वर्षं संग्रहालय झाली, आणि २०१४ मध्ये भंगारात विकली गेली. प्रेम सगळ्यांचं होतं, खर्च कोणाला झेपला नाही.

सोसायटीच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक बोटीला जबरदस्त सिंकिंग फंड लागतो. तो नसेल तर ‘सिंकिंग’ तेवढं उरतं!

मग वहिनींचं चुकलं का? त्यांची माया चुकली नाही. हे सांगायला मला अधिकार आहे, कारण त्याच मायेने मी स्वतः एकदा चुकलो आहे.

जुन्या सभासदांना २६ जुलै २००५ आठवत असेल. सोसायटी जेमतेम पाच वर्षांची होती. नाल्यापलीकडच्या वस्तीतले चाळीसेक लोक आपल्या हॉलमध्ये आले. आपण डाळ-भात शिजवला, चादरी दिल्या. त्याचा अभिमान आजही आहे. पण पाचव्या दिवशी कुरकुर सुरू झाली. पाणी पुरेना, संडास तुंबला. मी तेव्हा खजिनदार. मीच ठराव मांडला की या लोकांना दोन किलोमीटरवरच्या शाळेत हलवावं. कोरड्या खोल्या, जास्त संडास. माझा हेतू वाईट नव्हता. बी विंगमध्ये कामाला येणाऱ्या एक मावशी तेव्हा म्हणाल्या, “साहेब, तिथं जाऊन काय करू? माझी सगळी कामं याच बिल्डिंगीत हायत.” ठराव मंजूर झाला. रस्त्यात चिखल, रिक्षा बंद. मावशींना रोज येणं जमेना. तीन घरांनी दुसरी बाई लावली. मिनिट्स बुकात त्या ठरावाखाली माझी सही आहे, परवाच पुन्हा पाहिली.

टेक्सासमधल्या लोकांनी बोट का नाकारली हे वाचताना मला मावशींचाच आवाज ऐकू आला. मी किती खोल्या, किती संडास हे मोजलं होतं. त्यांचं काम तिथून किती लांब पडेल हे मोजलंच नव्हतं.

आपल्या सरकारच्या शहरी बेघरांच्या योजनेत एक लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांसाठी निवारा सांगितला होता. तो शक्यतो लोकांच्या कामाच्या जागेजवळ, स्टेशन-बाजाराच्या आसपास असावा असंही म्हटलं होतं. ज्याने कोणी हे लिहिलं, त्याने मावशींसारख्या कोणाचं तरी ऐकलेलं असणार.

लहानपणी मी कोकणच्या बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरलो आहे. डेकवर सतरंजी टाकून रात्र काढायची. बोट लागायची, पोटात ढवळायचं, पण तक्रार नसायची, कारण सकाळी मुंबई येणार हे ठाऊक असायचं. बोटीवरची रात्र सोसते ती त्या सकाळच्या भरवशावर. संकटात घर गेलेल्यांना बोट जरूर द्यावी, पण उतरायची तारीख ठरवून, आणि पुढच्या घराचा पत्ता हातात देऊन.

जाता जाता एक. आपले दोन्ही वॉचमन गेली कित्येक वर्षं मीटर रूममध्ये खाट टाकून झोपतात. जिन्याखालची बंद खोली मोकळी आहे. खिडकी पाडून, पंखा बसवून, कुलूप-किल्ली त्यांच्या हातात दिली तर खर्च फार नाही. मी अंदाजपत्रक करून ठेवलं आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत हा ठराव मी मांडणार आहे. या वेळी मांडण्याआधी त्या दोघांना विचारलं आहे. दोघेही हो म्हणालेत. एकाने फक्त एवढंच विचारलं, “साब, खिडकी गेटच्या बाजूला ठेवाल ना?”